यंत्राची धार कोणाच्या हाती?

तंजावरच्या शेतमजुराच्या हाती विळा होता, तोवर अवजाराच्या निगेचा प्रश्न कोणी चर्चेस घेतला नाही. धार बोथट झाली की मजूर ती दगडावर लावून घेई, मूठ सैल झाली की गावचा लोहार ती ठोकून देई. आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै आणि सांबा या दोन्ही हंगामांचे भात मुख्यत्वे कापणी-मळणी यंत्रांनी काढले जाते. कमरेत वाकून दिवसभर कापणी करण्याचे कष्ट सरले, तर त्याचे दुःख कष्टकऱ्याने का करावे? शत्रू यंत्र नव्हे. परंतु त्याची निगा ही केवळ तेल-वंगणाची बाब आहे असे मानणे भोळेपणाचे होईल.

कुरुवैचे भात पावसाच्या तोंडावर कापणीस येते. ओल्या, चिकट जमिनीत चाकांचे यंत्र रुतते. तेथे पट्ट्यांवर चालणारे, अधिक भाड्याचे यंत्र लागते. त्याच्या पट्ट्यांत चिखल, पात्यांत पेंढा अडकतो. तो रोज काढला नाही, पात्यांची धार आणि पट्ट्यांचा ताण पाहिला नाही, तर ताटे कापली न जाता ओढली जातात आणि दाणे शेतातच झडतात. यंत्र न झाडता पुढच्या शेतात नेले, तर तणाचे बी आणि परक्या वाणाचे भातही त्याबरोबर जाते. शिवाय भाडे तासावर असते. बोथट पाते सावकाश कापते. म्हणजे मालकाच्या हयगयीची किंमत लहान शेतकरी मोजतो! ऐन हंगामात यंत्र बंद पडले, तर उभे पीक भिजते, आणि सरकारी खरेदी केंद्रावर आर्द्रतेची १७ टक्क्यांची मर्यादा आडवी येते.

याच भूमीवर, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी येथे, २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले झोपडीत जाळून मारण्यात आली. संघटित शेतमजुरांनी भाताच्या रूपातील मजुरीत वाढ मागितली होती; जमीनदारांना ती आणि मजुरांची संघटना, दोन्ही असह्य होती. त्या काळी कापणी मजुराच्या हातावाचून होत नसे, आणि हीच त्याची ताकद होती. यंत्राने ती ताकद हिरावली. विळा मजुराचा होता. यंत्र दुसऱ्याचे आहे, आणि ते दुरुस्त करण्याची विद्याही बहुधा बाहेरगावची आहे.

तेव्हा मागणी यंत्रबंदीची असू नये. राज्याचा कृषी अभियांत्रिकी विभाग सवलतीच्या दराने यंत्रे भाड्याने देतो, ती वाढवावीत. प्रत्येक भाडेकेंद्राशी दुरुस्तीशाळा जोडावी. हंगाम संपताच यंत्र धुणे, वंगण देणे, गंज काढणे, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलणे ही कामे गावच्या भूमिहीन तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन, योग्य वेतनावर द्यावीत. खासगी यंत्राच्या भाडेकरारातही नादुरुस्तीची जबाबदारी मालकावर स्पष्ट लिहिलेली असावी.

भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यातही ही यंत्रे फिरू लागली आहेत. तेथील कार्यकर्त्यांनी तंजावरच्या अनुभवाकडे दूरची गोष्ट म्हणून पाहू नये. ज्याच्या हातून कापणी गेली, त्याच्या हाती निदान पाना तरी आला पाहिजे. आणि तो मागितल्यावाचून, संघटनेवाचून येणार नाही.