पीटीचा तास आणि चष्म्याचा नंबर

धाकटी तिसरीत असताना शाळेतून तिची जी तक्रार आली, ती डोळ्यांची नव्हती. ‘शेजारणीच्या वहीत बघून लिहिते’, असं बाईंनी डायरीत लिहून पाठवलं होतं. मी तिला रागावले. तिनं काहीच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. फळा सगळ्यांना असाच पुसट दिसतो, असं ती धरून चालली होती. दोन महिन्यांनी कालनिर्णयातली तारीख बघायला ती जागेवरून उठून थेट भिंतीपाशी गेली, तेव्हा मला कळलं. दोन्ही डोळ्यांना मायनस दोन. ते रागावणं मला अजून टोचतं.

“मोबाइल फार बघते ना?” दवाखान्यात शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं. सासूबाईंनी गाजरं आणि शेवग्याची भाजी सुरू केली. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तेव्हा ही भाजी ताटात हवीच. पण एकदा लागलेला नंबर गाजरानं उतरत नाही. का उतरत नाही, ते डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून समजावलं. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. वाढत वाढत तो २४च्या आसपास थांबायला हवा. काही मुलांत तो थांबत नाही. मग लांबच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. एक मिलिमीटर जास्तीचा म्हणजे अडीच-तीन नंबर. आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोकाही वाढतो.

मग डोळा लांबतो कशानं? मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. तासन् तास नाकाजवळ धरलेल्या कुठल्याही गोष्टीचा, अगदी पुस्तकाचाही, यात वाटा असतो. पण २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचल्यापासून मी हा प्रश्न वेगळ्या बाजूनं पाहते. सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचे डोळे त्यात तपासले होते. आईबापांना चष्मा असण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. तरी सिंगापुरात २९ टक्के मुलांना लांबचं कमी दिसत होतं आणि सिडनीत जेमतेम ३ टक्के. सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्त वाचत होती. ठळक फरक होता तो घराबाहेरच्या वेळात. ती आठवड्याला जवळजवळ १४ तास बाहेर असायची, सिंगापूरची तीनच तास.

हा योगायोग असेल अशी शंका घ्यायलाही फारशी जागा उरलेली नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांसाठी सहा शाळांनी रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला, दुसऱ्या सहा शाळांनी नेहमीसारखं चालू ठेवलं. तीन वर्षांत नव्यानं नंबर लागलेली मुलं मैदानवाल्या शाळांत ३० टक्के निघाली, बाकीच्यांत ३९ टक्क्यांहून थोडी अधिक. तैवाननं २०१०पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि कित्येक वर्षं चढतच गेलेला अधू नजरेचा आकडा त्यानंतर उतरू लागला.

कारण उजेड. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ३०० ते ५०० लक्स मिळतात. बाहेर झाडाच्या सावलीतही ते हजारांत जातात, उन्हात लाखापर्यंत. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. चंद्रपूर-अकोल्याच्या एप्रिलमध्ये पोराला भर दुपारी मैदानावर पिटाळा, असं माझं म्हणणं नाही. सकाळ चालते, कडुलिंबाची सावली चालते, डोक्यावर टोपी चालते.

हा उपाय मुख्यतः चष्मा लागण्याआधीचा आहे. एकदा नंबर आला की वाढ रोखायला त्याची मदत कमी होते. माझ्या मुलीसाठी मला हे उशिरा कळलं. आज पहिलीत बसलेल्यांच्या हातात अजून वेळ आहे, आणि म्हणूनच मला शाळांबद्दल बोलायचं आहे. धाकटीच्या वेळापत्रकात पीटीचे दोन तास आहेत. चाचणी जवळ आली की ते गणिताला जातात. मधल्या सुट्टीत डबा वर्गातच खायचा, खाली उतरायचं नाही, अशी शिस्त. संध्याकाळी क्लास. म्हणजे सोमवार ते शुक्रवार या मुलीच्या अंगावर ऊन पडतं ते रिक्षातून उतरून फाटकात शिरेपर्यंत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला क्रीडांगण हवं असं परिशिष्टात लिहून ठेवलं आहे. आमच्या शाळेला ते आहेही. दिवसातला बराच वेळ ते रिकामं असतं.

मोठ्यांचं दुखणं निराळं. आपला डोळा आता लांबत नाही, तो कोरडा पडतो. एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच मिटते, म्हणून संध्याकाळी चुरचुर. मुद्दाम पापण्या मिटा, दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांबवर वीस सेकंद बघा, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. दुकानात ‘ब्लू कट’ काचेचे जास्तीचे पैसे सांगतात. २०२३ साली कॉक्रेन संस्थेनं १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि डोळ्यांचा थकवा त्या काचेनं बहुधा कमी होत नाही, असं सांगितलं. ते पैसे मुलांच्या वार्षिक नेत्रतपासणीला ठेवा. दोन्ही डोळे उघडे असताना एका अधू डोळ्याची उणीव लपून जाते, म्हणून घरीही एकेक डोळा झाकून लांबचं वाचायला सांगा.

येत्या शनिवारी आमच्याकडे पालकसभा आहे. फी, सहल आणि निकालावर नेहमीप्रमाणे बोलणं होईल. त्यानंतर मी उठून विचारणार आहे, की गेल्या महिन्यात पहिली आणि दुसरीचे पीटीचे तास किती होते आणि त्यांतले मैदानावर किती झाले.