विनातारण कर्ज

टेक्निकल डेथ मेटल हे नाव ऐकूनच घरातली वडील मंडळी कानांवर हात ठेवतील. गुरगुरणारा गळा, सुसाट ड्रम. पण खाली सतत मोडणारी आणि पुन्हा जुळणारी लय. हिशेब इतका काटेकोर, की आमच्यासारख्या बँकवाल्याने मान डोलवावी. 'डेथ' या फ्लोरिडातल्या बँडचा १९९१ चा 'ह्यूमन' ऐकून पाहा.

हे संगीत आधी पसरले ते दुकानांतून नव्हे, टपालातून. १९८४ च्या सुमारास चक शुल्डिनर या पोराच्या बँडच्या कॅसेटी नक्कल होऊन देशोदेशी फिरू लागल्या. एक धाडायची, बदल्यात दुसरी मागवायची. तोंडओळख नाही, जामीन नाही. तिकिटावर गोंद फासला की टपालाचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चाले! (हे काही मला मान्य नाही.) कॅसेट बुडवणाऱ्यांची नावे चाहत्यांच्या चोपड्यांत छापून येत. आमच्या थकबाकीदारांना ही शिक्षा कधी झाली नाही.

१९९९ मध्ये शुल्डिनरला मेंदूत गाठ निघाली. पुढे उपचारांचा खर्च विम्यातून भागेना, तेव्हा चाहत्यांनी आणि इतर बँडांनी कार्यक्रम करून पैसे जमवले. १३ डिसेंबर २००१ रोजी तो गेला. वय ३४.

आता गाणे सुचवते यंत्र. कलाकारांकडून थेट खरेदीची सोय करणारी 'बँडकॅम्प' २०२२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने घेतली, २०२३ मध्ये दुसरीला विकली. निम्म्या नोकरांना नारळ मिळाला. तरी चाहते तिथे आपल्या खरेदीची यादी परक्यांसाठी उघडी ठेवतात, आणि कुणी नवखा ती रात्रभर चाळत बसतो.