बैठकीत गप्प बसलेली माणसे

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. त्या दिवशी पहाटे दिल्लीकडे आवई उठली की गणपतीची मूर्ती दूध पिते. दुपार व्हायच्या आत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. हातात वाटी, वाटीत दूध. चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की दूध हळूहळू नाहीसे व्हायचे आणि रांगेतली माणसे हात जोडायची. शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवून दाखवले, तेव्हा दिसले की दूध पोटात जात नाही. चमच्यातून दगडावर ओढले जाऊन ते मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरते. द्रवाच्या पृष्ठताणाचा हा साधा नियम आहे आणि तो शाळेच्या पुस्तकातही आहे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतून त्या दिवशी कुणीच वाटी घेऊन गेले नसेल, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ती माणसे खोटे बोलत होती का? मुळीच नाही. त्यांना तसेच दिसले. पुढच्याने पाहिले, मागच्याने पाहिले, मग मधल्याला कसे दिसणार नाही?

अशीच एक गोष्ट सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या बालपणाची सांगतात. त्याचा जन्म १९०७ साली पोलंडमधल्या वॉर्सा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाला जेवणाच्या वेळी एक पेला एलिया नावाच्या संदेष्ट्यासाठी भरून ठेवतात. नीट बघ, तो येऊन घोटभर पिऊन जातो, असे वडीलधाऱ्यांनी पोराला सांगितले. पोरगा पेल्याकडे टक लावून बसला आणि त्याला पेल्यातला द्राक्षारस खरेच थोडा कमी झालेला दिसला! पुढे हे कुटुंब १९२० साली अमेरिकेला गेले, पोरगा शिकून प्राध्यापक झाला. चारचौघांच्या सांगण्याने माणसाचे बोलणे आणि वागणे कसे बदलते, हाच त्याने पुढे अभ्यासाचा विषय केला.

१९५० नंतरच्या वर्षांत त्याने केलेला प्रयोग आज जगभर शिकवला जातो. प्रयोग इतका साधा की आपल्या विहारातही करून पाहता येईल. सात-आठ कॉलेजकुमार एका खोलीत बसवायचे. त्यांना एक रेघ काढलेला कागद दाखवायचा आणि दुसरा तीन रेघांचा. तीनपैकी कोणती रेघ पहिल्या कागदावरच्या रेघेइतकी लांब आहे, एवढेच प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. प्रश्न असा की दुसरीतले पोरही चुकणार नाही. गंमत अशी की त्या खोलीत खरा उमेदवार एकच असायचा. बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले. ठरलेल्या फेऱ्यांना ते सगळे एका सुरात चुकीची रेघ सांगायचे आणि याची पाळी जवळजवळ शेवटी यायची.

एकटे बसून उत्तर देताना या मुलांच्या चुका शंभरात एकसुद्धा होत नव्हत्या. पण चारचौघांत बसल्यावर, जेव्हा जेव्हा बाकीचे मुद्दाम चुकले, तेव्हा शंभरातली छत्तीस-सदतीस उत्तरे त्यांच्याप्रमाणेच चुकीची आली. डोळ्यांपुढे रेघ, हातभर अंतरावर, आणि तरी. पुढे त्यांना विचारले तेव्हा कुणी म्हणाला, मला वाटले माझ्याच नजरेत दोष असेल. कुणी म्हणाला, मला खरे दिसत होते, पण सगळ्यांत वेगळे कशाला पडायचे? साधारण चौघांतला एक मात्र शेवटपर्यंत हलला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता त्या खोलीतून आपल्या वस्तीतल्या बैठकीत येऊ. मुलीचे लग्न ठरायचे आहे. सतरंजी अंथरलेली आहे, चहा फिरला आहे. पाहुण्यांकडचा एक जण घसा खाकरून म्हणतो, "हुंडा आम्हाला नको, आम्ही बाबासाहेबांची माणसं. पण लग्न जरा दणक्यात व्हावं." दुसरा म्हणतो, "अंगावर दोन तोळे तरी पाहिजेत, तो काय हुंडा नव्हे." तिसरा, बहुधा मुलीकडचाच कुणी भाऊबंद, मान डोलावतो, "बरोबर आहे, चारचौघांत दिसायला पाहिजे." झाले, बैठक उरकली! मुलीचा बाप भिंतीला टेकून बसलेला असतो. कामगार सोसायटीचे कर्ज, फंडातली उचल, मंगळवारी येणारा फायनान्सवाल्याचा हप्ता यांचा हिशेब त्याच्या डोक्यात चाललेला असतो. पण तोंडाने तो म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं."

अ‍ॅशने विरोधात किती माणसे लागतात हेही मोजून पाहिले. समोर एकच माणूस चुकीचे बोलला तर उमेदवारावर काही परिणाम होत नसे. दोघे झाले की तो डगमगू लागे. तिघे झाले की जवळजवळ पुरा दाब तयार होई. मग तिघांच्या जागी पंधरा बसवले तरी फार फरक पडत नसे. म्हणजे ज्याला आपण "समाज काय म्हणेल" म्हणतो, तो समाज पुष्कळदा सतरंजीवरच्या पुढच्या रांगेतल्या तीन माणसांएवढाच असतो. बाकीचे गप्प असतात आणि आपण त्यांच्या गप्प बसण्याला होकार धरतो.

गप्प बसलेल्यांच्या मनात काय असते, याचाही शोध घेतला गेला आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या विद्यार्थ्यांना दारूबद्दल विचारले. बहुतेक मुले खासगीत सांगत की आवारातले पिणे आपल्याला फारसे रुचत नाही, पण इतर सगळ्यांना ते चालते. प्रत्येकाला वाटे, मनात अढी असलेला मी एकटाच! हीच गत आपल्या वरातीची. रात्री बारापर्यंत डीजे वाजतो, शेजारच्या घरात आजारी म्हातारी कण्हत असते, बारावीचे पोर कानात बोळे घालून बसलेले असते. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. दहांतले सात-आठ "कशाला हा धिंगाणा" असेच म्हणतील, असा माझा अंदाज आहे. पण हे मिरवणुकीपुढे उभे राहून कोण म्हणणार?

सांगायचा मुद्दा यापुढेच आहे. अ‍ॅशने एक बदल करून पाहिला. त्या शिकवून ठेवलेल्या टोळीत त्याने एक माणूस असा बसवला की जो खरे उत्तर देईल. बाकी सगळे चुकीचेच बोलणार, फक्त हा एक बरोबर. तेवढ्याने उमेदवाराचे टोळीमागे जाणे पूर्वीच्या जेमतेम पाव हिश्श्यावर आले. खोलीतली बहुसंख्या तशीच होती, पण याला एक सोबत मिळाली होती. हा दुसरा माणूस अगदी अचूकच बोलला पाहिजे असेही नव्हते. तो इतरांहून वेगळे काही बोलला, एका सुरात चाललेले गाणे कुठेतरी तुटले, तरी उमेदवाराला जरा धीर येई.

मग अ‍ॅशने आणखी दोन तऱ्हा केल्या आणि त्या मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. एकीत हा सोबती काही फेऱ्यांनंतर काम आहे असे सांगून खोलीतून निघून गेला. तो गेल्यावर उमेदवाराच्या चुका थोड्या वाढल्या, पण त्याने दिलेला धीर बराच टिकला. दुसऱ्या तऱ्हेत सोबती खोलीतच राहिला, पण मध्येच बहुमताला जाऊन मिळाला. त्यासरशी उमेदवार कोसळला आणि चुका जवळजवळ पूर्वीइतक्या झाल्या. आपल्या मंडळांतून, विहार कमिट्यांतून हे किती वेळा घडते! विहारात साध्या लग्नाच्या बाजूने तावातावाने बोलणारा कार्यकर्ता स्वतःच्या मुलाच्या वेळी "घरच्यांचा आग्रह होता" म्हणून हॉल, बँड, मानपान सगळे करतो. त्याने सुरुवातीलाच तोंड उघडले नसते तर कमी नुकसान झाले असते. त्याच्यामागे उभे राहण्याच्या तयारीत असलेली दोन-चार घरे एका दिवसात मोडतात.

बाबासाहेबांना माणसाच्या मनाची ही बाजू पक्की ठाऊक होती, असे त्यांच्या चळवळीकडे पाहिले की वाटते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते आपण दरवर्षी आठवतो. त्याच परिषदेला जोडून त्यांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण तितकेसे आठवत नाही. अस्पृश्य बाईने लुगडे कसे नेसावे, अंगावर कुठल्या धातूचे दागिने घालावेत यावर त्या काळी गावाचा डोळा असे. लांबून पाहताच जात कळली पाहिजे, हा त्यातला हेतू. गळ्यातल्या त्या जड सऱ्या, कोपरापर्यंतची ती गोट-पाटल्यांची ओळ टाकून द्या, लुगडे इतर स्त्रियांसारखे नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला, दारू पिऊन घरी येणाऱ्याला जेवायला वाढू नका, अशा अर्थाचे बाबासाहेब बोलले. आणि परिषदेहून परतताना अनेक स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदललेली होती.

एवढ्या एका दिवसात हे कसे झाले? भाषणाचा प्रभाव होताच. पण जरा त्या आयाबायांच्या जागी उभे राहून पाहा. गावात एकटीने पायघोळ लुगडे नेसून पाणवठ्याच्या वाटेने जायचे म्हणजे काय काय ऐकून घ्यावे लागले असते! आपल्याच आळीतली सासूही "फार शहाणी झालीस" म्हणाली असती. इथे मात्र शेजारीण बदलली, नणंद बदलली, पलीकडच्या गावची अनोळखी बाईही बदलली. एकमेकींना पाहत, एकमेकींच्या निऱ्या सावरत त्या बदलल्या. गावी परतताना एकेका वाटेवर त्या दोघी-तिघी तरी होत्या.

१४ ऑक्टोबर १९५६ चेही तसेच. नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांनी आधी स्वतः भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखो लोकांना ज्यांना धम्म स्वीकारायचा आहे त्यांनी उभे राहा, असे सांगितले. बावीस प्रतिज्ञा मनातल्या मनात म्हणायच्या नव्हत्या, मोठ्याने म्हणायच्या होत्या, बाजूच्याला ऐकू जातील अशा. पिढ्यान् पिढ्या देव्हाऱ्यात बसलेले देव त्यानंतर घराघरांतून हलले. एकट्याच्या घरातून ते हलले असते का, याची मला शंका आहे. भिंतीपलीकडचा देव्हारा उतरलेला दिसला, म्हणून अलीकडचा हात धजावला.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी लोकांमागेच जायचे ना? मग दुधाच्या रांगेत आणि यात फरक काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर कालाम सुत्तात सापडते. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धांनी सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही खरे मानू नका. हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण त्याच सुत्तात पुढे कशावरून पारखायचे तेही आहे. ते वागणे कुशल आहे की अकुशल, त्याने आपले आणि दुसऱ्याचे अहित होते का, आणि जाणती माणसे त्याची निंदा करतात की स्तुती. जाणत्यांचे मत बुद्धांनी टाकून दिलेले नाही. लोक काय म्हणतील हा प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त कोणते लोक, हे आधी ठरवायचे. सिगालोवाद सुत्तात मित्राचे सोंग घेणाऱ्यांच्या यादीत एक जण असा आहे की जो तुमच्या वाईट गोष्टीलाही मान डोलावतो, तोंडावर स्तुती करतो आणि माघारी निंदा. बैठकीत "चारचौघांत दिसायला पाहिजे" म्हणणाऱ्या भाऊबंदाला हे वर्णन बरोबर लागू पडते. पंगतीतून उठल्यावर "कर्ज काढून एवढं करायची काय गरज होती" असे म्हणणाराही तोच असतो.

घरात लग्न असेल त्यांनी एवढे करून पाहावे. बैठकीच्या आदल्या आठवड्यात एका तरी घरी जाऊन यावे. मामा, थोरले दीर, शेजारचे गुरुजी, जो कोणी आपल्यासारखा विचार करत असेल त्याला सांगावे, "मी साध्या लग्नाचं बोलणार आहे, तुम्ही माझ्यामागून बोला." फार भाषण नको. "मलाही तसंच वाटतं" एवढे एक वाक्य त्याने म्हटले तरी पुरे. आणि त्याने शब्द फिरवू नये, ही हमी आधीच घ्यावी. पुढच्या रांगेतले तिघे बोलायच्या आत हे दोघे बोलले तर फारच चांगले. ज्येष्ठांची मते आधी एकेकाच्या घरी जाऊन विचारून घ्यावीत. अ‍ॅशच्या प्रयोगात उमेदवाराला उत्तर मोठ्याने न बोलता कागदावर लिहू दिले, तेव्हाही टोळीमागे जाणे पुष्कळ कमी झाले होते. कागदावर लिहायला कुणी फुकट लाजत नाही.

मुलग्याच्या आईबापांना वेगळे सांगायचे आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे आणि त्यात देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, मग त्याला दोन तोळे म्हणा की दणक्यात लग्न. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? सोबत देणे तुमच्या बाजूने सर्वात सोपे आहे. मुलीचा बाप "नको" म्हणाला तर लोक त्याला कंजूष म्हणतात. मुलाचा बाप म्हणाला तर त्याला कोण काय म्हणणार?

आणि सतरंजीवर बायकांनाही बसवा. आतल्या खोलीत पोहे करणाऱ्या बाईला घरातला पै न् पैचा हिशेब ठाऊक असतो, डब्यात किती उरले आणि बोरमाळ कुठे गहाण आहे तेही. जिचे लग्न आहे त्या मुलीलाही विचारा, आणि तिघांनी बोलून झाल्यावर नव्हे, सर्वात आधी विचारा. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असेल, तिची फी भरायची राहिली असेल. मंडपाचे पैसे कुठे जावेत हे ती चांगले सांगू शकेल.