आधी ब्रेक, मग रंग

"अभ्यास केला नाहीस, तर गॅरेजात घालीन," ही धमकी आपल्याकडील कित्येक घरांत, विशेषतः वार्षिक परीक्षेच्या सुमारास, ऐकू येते. धमकी देणाऱ्या पालकांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. मुलाने शहाणे व्हावे एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु या एका वाक्यात दोन गैरसमज शेजारीशेजारी नांदत असतात. मोटारदुरुस्तीस अभ्यास लागत नाही, हा पहिला; आणि ते काम हलक्या प्रतीचे आहे, हा दुसरा. पहिल्याने मुलांचे नुकसान होते. दुसऱ्याने जे होते ते रस्त्यावर दिसते, आणि प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः त्याकडेच आहे.

शिक्रापूरकरांस मोटारीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. महाराष्ट्रातील एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली ती याच रस्त्याने. आरंभीच्या त्या बेडफर्ड गाड्यांचा सांगाडा लाकडी होता आणि आसने काथ्याची. आज एका अंगास रांजणगावी मोटारी तयार होतात, दुसऱ्या अंगास चाकणला होतात, आणि दोहोंकडील वाहतूक आपल्या चौकात येऊन मिळते. मोटार घडविण्याच्या कामास आपण 'इंजिनीयरिंग' म्हणतो व त्यासाठी मुलांस दूरदूरच्या कॉलेजांत धाडतो. तीच मोटार पाच वर्षांनी पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्तीस आली, की त्या कामास मात्र आपल्या मनात काही किंमत उरत नाही. हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे.

एखाद्या गॅरेजात घटकाभर उभे राहून गाडीचे मालक काय विचारतात ते ऐकावे. दारावरचा ओरखडा जाईल का, रंग जुन्या रंगाशी जुळेल का, हॉर्न अधिक मोठा बसेल का, पुढचे दिवे अधिक पांढरे लागतील का, हे प्रश्न आधी येतात. ब्रेकची गोष्ट बहुधा शेवटी, आणि तीही "लागतात अजून, पुढच्या वेळी बघू" या शब्दांत निकालात निघते. माझ्या मते दुरुस्तीचा क्रम याच्या बरोबर उलट असला पाहिजे. गाडी आधी थांबली पाहिजे. मग तिला दिसले पाहिजे आणि ती इतरांस दिसली पाहिजे. शोभण्याचा विचार त्यानंतर.

ब्रेकचे काम बाहेरून दिसत नाही म्हणून ते सोपे, असे कोणी समजू नये. पॅस्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला नियम आपण वर्गात शिकतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. ड्रायव्हर पेडलवर पाय देतो, तो दाब मास्टर सिलिंडरमधून बारीक नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत जातो, आणि पॅड डिस्कला अथवा लायनर ड्रमला आवळतात. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीस चारही चाकांना असे ब्रेक आले. आज गावोगावच्या लहान मोटारींतही तेच तत्त्व आहे. आता वेग ताशी ६० किलोमीटरांवरून ८० केला, तर वेग तिसऱ्या हिश्श्यानेच वाढतो, पण गाडीची गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी अधिक होते. ती सारी ऊर्जा तळहाताएवढ्या पॅडांनी उष्णतेत घालवावयाची असते. वेग वाढविताना हा हिशेब कोणी करीत नाही. करावा लागतो तो पॅडांना.

बाजारात 'ब्रेक ऑइल' म्हणून जो द्रव मिळतो, तो इंजिनातल्या तेलासारखे तेल नव्हे. तो हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ या दर्जाचा नवा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात शेकडा पावणेचार भागांच्या आसपास पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. माळशेजसारखा घाट उतरताना ज्याने खालचा गिअर न घालता सारखा ब्रेकवर पाय ठेवला, त्याच्या गाडीत ही उष्णता पोहोचण्यास वेळ लागत नाही. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल थेट तळाशी जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. यास्तव हा द्रव साधारणतः दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल त्याप्रमाणे, बदलून घ्यावा लागतो. त्याचा खर्च एका दाराच्या रंगाच्या मानाने किरकोळ असतो. गंमत अशी, की या द्रवाचा थेंब गाडीच्या रंगावर पडला तर रंग उचलून येतो, आणि त्या डागासाठी मिस्त्रीस चार शब्द ऐकविणारे गृहस्थ तो द्रव आपल्या नळ्यांत किती वर्षे पडून आहे याची चौकशी करीत नाहीत.

चांगला मिस्त्री पायाने निदान करतो. पेडल स्पंजासारखे लागले तर नळ्यांत हवा. दाबून धरले असता सावकाश खाली बसत गेले तर मास्टर सिलिंडरच्या रबराकडे संशय. ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली तर त्या दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. वैद्याने नाडी पाहावी, तसे हे आहे. वैद्यास आपण खुर्ची देतो. मिस्त्रीस "लवकर आटप" म्हणतो, आणि मग घाईत कोणते काम अर्धे राहते हे आपणांस कळावे कसे?

विजेच्या कामाची कथा याहून फारशी निराळी नाही, फक्त तेथे हौस अधिक. साध्या हेडलाइटच्या बल्बवर ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. वॅटांस व्होल्टांनी भागिले असता ६० वॅटांचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या जागी शंभर वॅटांचे बल्ब बसविले, तर प्रवाह १६ अँपिअरांच्या पुढे जातो. आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीच तार जवळजवळ पावणेतीन पट तापते. फ्यूज जळतो तो याच कारणाने. तो आपले कर्तव्य करून मेला, हे न ओळखता त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे लोक आहेत. मग फ्यूजऐवजी गाडीचे वायरिंग जळते. समोरून येणाऱ्याचे डोळे अशा दिव्यांनी दिपतात ते वेगळेच. याउलट मागचा दिवा मंद लागत असेल, तर पुष्कळदा दोष बल्बचा नसून गंजलेल्या अर्थिंगचा असतो, व पॉलिश पेपरचा एक तुकडा काम भागवितो. पण मागचा दिवा मालकास बसल्या जागेवरून दिसत नाही!

शिरूर-दौंड भागात या मागच्या दिव्याची किंमत सर्वांस ठाऊक असावयास हवी. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात; ऊस बाहेर डोकावत असतो, दिवा नसतो, लाल परावर्तक पट्टी चिखलाखाली गेलेली असते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास समोर काही आहे हे कळते तेव्हा अंतर उरलेले नसते. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चमकी आणि झुबके लावण्यास खर्च केलेला असतो, म्हणून पैशाची सबब येथे मी मान्य करीत नाही.

राहिला पत्रा. डेंटिंगच्या कारागिरास मी कमी लेखतो असे कृपया समजू नये. पोचा कडेकडून आत उठवीत आणणे, बोटांनी चाचपून उंचसखल ओळखणे, हे हाताचे शहाणपण पुस्तकातून येत नाही. पत्रा गंजू न देणे ही खरी गरजही आहे. दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची छिद्रे चिखलाने बुजली की गंज आतून सुरू होतो. माझी तक्रार गंजावर लांबी भरून वरून चकचकीत रंग मारण्याविषयी आहे. ते काम करणारा आणि मुद्दाम तसेच करवून घेणारा, दोघेही पुढल्या गिऱ्हाइकास फसवितात.

आता विद्यार्थ्यांविषयी. शाळा सोडून चौदा वर्षांखालील पोरास गॅरेजात पाने उचलण्यास बसविणे हा २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर गुन्हा आहे, आणि तो असावा. परंतु दहावी झालेल्या, हाताला वळण असलेल्या मुलाने आय. टी. आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला, तर घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. हल्लीच्या गाड्यांत चाके न अडकू देणारी ए. बी. एस.ची योजना असते. २०१९ पासून नव्या मोटारींस ती सक्तीची आहे. तिचा दोष शोधण्यास हातोडी नव्हे, मीटर आणि सर्किटची आकृती लागते. गणितात व पदार्थविज्ञानात कच्चा राहिलेला मुलगा तेथेही कच्चाच राहील. म्हणून वरील धमकी निरर्थक आहे. आपल्याच तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला, तो हाताने काम करता करता विज्ञान शिकता येते या विश्वासावर. स्वतः डॉक्टरेट मिळविलेल्या त्या गृहस्थांस हात काळे करणे कमीपणाचे वाटले नाही. पालकांनी एकदा मुलांसह तेथे जाऊन यावे.

दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली अथवा मोटार आहे अशा विद्यार्थ्यांनी तत्पूर्वी एके सायंकाळी एवढे करावे: वडिलांनी ब्रेकवर पाय ठेवावा, आपण मागे उभे राहून लाल दिवे दोन्ही बाजूंस लागतात की नाही ते पाहावे, आणि परावर्तक पट्टी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. दिवा लागत नसेल तर अर्थिंगपासून पाहण्यास प्रारंभ करावा.