तिथे शस्त्रक्रिया, इथे नातेवाईक

लॉरेन ऑलिव्हर यांच्या ‘डिलिरियम’ (२०११) या कादंबरीतल्या अमेरिकेत प्रेम हा रोग ठरला आहे. १८ वर्षं पूर्ण झाली की शस्त्रक्रियेनं तो काढून टाकतात. जोडीदारही सरकारी यंत्रणाच ठरवते. पोर्टलंडची लीना मात्र त्याआधीच अ‍ॅलेक्सच्या प्रेमात पडते.

विद्यार्थिनी म्हणून मला हे फार दूरचं वाटलं नाही. आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तेवढ्यात मुलीला घरात कोंडता येतं.

तरी माझा एक आक्षेप आहे. लीनाला जाग येते ती एका मुलामुळे. प्रेमात न पडलेल्या मुलीलाही नकाराचा हक्क हवाच. कोणाशी लग्न करायचं, एवढाच प्रश्न नाही. करायचं की नाही, हेही तिनंच ठरवायचं आहे.