गंगोबा कोण आणि तुकोजी कोण?

अंबडच्या मत्स्याकृती टेकडीवर मत्स्योदरी देवीचे जे मंदिर आहे, त्याच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने अहिल्याबाई होळकरांचे नाव या गावात आजही आदराने घेतले जाते, आणि दरवर्षी ३१ मे रोजी जयंतीच्या व्यासपीठांवरून त्यांनी बांधलेल्या घाटांची, बारवांची आणि धर्मशाळांची यादी वक्ते मोठ्या भक्तिभावाने वाचून दाखवितात. परंतु हा अंबड परगणा एकेकाळी होळकरांच्याच दौलतीचा भाग होता व १८१८ च्या मंदसोरच्या तहाने तो त्यांच्या हातून जाऊन पुढे निजामाच्या अंमलाखाली आला, हे सांगणारा वक्ता विरळा. आणि ती दौलत चालविताना या बाईंना परक्या शत्रूइतकाच आपल्याच दरबारातील माणसांच्या असहकाराशी झगडा करावा लागला, हे सांगणारा तर मला अजून भेटावयाचा आहे. आजच्या अंबडला त्यांच्या चरित्रातील हाच भाग सर्वांत उपयोगी पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कारण उघड आहे. तालुक्याचे हे ठिकाण म्हणजे कचेऱ्यांचे गाव. तहसील, उपविभाग, पंचायत समिती, नगरपरिषद, बँकांच्या शाखा, शाळा-महाविद्यालये, सहकारी संस्था अशा नाना दप्तरांत दरवर्षी कोणीतरी प्रथमच ‘साहेब’ होत असतो. कोणी स्पर्धापरीक्षा देऊन ऐन पंचविशीत नायब तहसीलदार म्हणून रुजू होतो, तर कोणी पंधरा-वीस वर्षे ज्या टेबलांच्या रांगेत बसून काढली, त्याच रांगेचा अव्वल कारकून होतो आणि कालच्या सोबत्यांना आज काम सांगण्याच्या विचित्र अवस्थेत सापडतो. कायदा, नियम, लेखासंहिता यांचे शिक्षण त्याला मिळालेले असते. परंतु समोरचा माणूस तोंडाने ‘हो’ म्हणतो आणि हाताने काहीच करीत नाही, अशा वेळी काय करावे, हे त्याला कोणत्याच पुस्तकात सापडलेले नसते. ‘नाही’ म्हणणारा कर्मचारी एक वेळ परवडला, कारण त्याच्या नकाराला तारीख असते, शब्द असतात, साक्षीदार असतात. ‘बघतो साहेब’ म्हणणाऱ्याचे तसे नाही. त्याची संचिका नेमकी सुनावणीच्या दिवशी सापडत नाही, अतिवृष्टीचे पंचनामे निघाले की त्याच आठवड्यात त्याची कंबर धरते, आणि ‘आधीच्या साहेबांच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य तो इतक्या नम्रपणे उच्चारतो की त्यावर आक्षेप घेणाराच उद्धट ठरावा.

अशा प्रसंगी नवा अधिकारी बहुधा असहकाराचे स्वरूप न ओळखताच त्यावर उपाय करावयास धावतो, आणि त्यामुळे जेथे कठोर व्हावयाचे तेथे तो मऊ होतो व जेथे मऊ व्हावयाचे तेथे कठोर. असहकाराच्या दोन जाती आहेत, आणि त्या दोन्ही अहिल्याबाईंच्या वाट्याला आल्या.

पहिली जात गंगोबातात्यांची. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव असे तिघेही गेल्यावर बाईंच्या हाती कारभार येण्याची वेळ आली, तेव्हा मल्हाररावांच्या वेळचे मुरलेले दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड, ज्यांना सारे गंगोबातात्या म्हणत, त्यांनी सुचविले की बाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे, आपण स्वस्थपणे देवधर्म करावा आणि कारभार आमच्यावर सोडावा. वरकरणी हा हितोपदेश होता. आत माधवराव पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांच्याशी संधान होते. अनुभवी, वयस्क, दप्तराची खडान्‌खडा माहिती असलेला आणि नव्या धन्यावाचून आपले काही अडत नाही, परंतु आपल्यावाचून नव्या धन्याचे पानही हालत नाही, अशी मनोमन खात्री बाळगणारा हा माणूस! कोणत्याही कचेरीत शोधा, तो सापडेल. बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याची मनधरणीही केली नाही. वारसाहक्काच्या मूळ प्रश्नावर तडजोड नाही, हे त्यांनी तत्काळ व निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू लेखी मांडली, शिंदे-भोसल्यांशी पत्रव्यवहार केला आणि राघोबादादा फौज घेऊन उज्जैनच्या बाजूस आले तेव्हा लढाईची सिद्धताही ठेवली. बायकांची पलटण उभी केल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. ती अक्षरशः खरी मानावी की नाही, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की दादांना आपण केवळ सांत्वनास आलो होतो, असे म्हणून माघार घेण्याची वाट मोकळी राहिली आणि बाईंनी ती बंद करण्याचा अट्टाहास केला नाही.

दुसरी जात तुकोजी होळकरांची, आणि ही अधिक अवघड. पेशव्यांच्या मान्यतेने लष्कराची सुभेदारी तुकोजींकडे आणि मुलकी कारभार व खजिना राजधानी महेश्वर येथे बाईंकडे अशी वाटणी झाली. तुकोजी वयाने बाईंहून किंचित मोठे, तरी त्यांना मातोश्री म्हणत. बाईंच्या अधिकारावर त्यांनी हक्क सांगितला नाही, फितुरीही केली नाही. तरीही हिशेब वेळेवर न येणे, मुलखातील वसूल परस्पर खर्ची पडणे, पत्रांची उत्तरे महिनोन्‌महिने लांबणे, आणि उलट बाजूने पैशासाठी अखंड तगादा, असा प्रकार जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, म्हणजे बाईंचा १७९५ मध्ये अंत होईपर्यंत चालला. ब्रिटिश अधिकारी सर जॉन मॅल्कम यांनी आपल्या १८२३ च्या ग्रंथात या दोघांच्या एकोप्याची मोठी वाखाणणी केली आहे. परंतु पुढे द. ब. पारसनीस यांनी महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापली, तेव्हा त्या एकोप्याखाली केवढी धुसफूस होती, हे मराठी वाचकास कळले. कचेरीतील शांततेविषयी बाहेरून आलेल्या पाहुण्याचा अभिप्राय किती विश्वसनीय असतो, याचा हा एक नमुनाच म्हणावयाचा.

येथे बाईंची बाजू घेण्याचा मोह मला आवरला पाहिजे. फौज तुकोजींची, स्वारी तुकोजींची, शिपायांच्या थकलेल्या पगाराचे धरणे तुकोजींच्या डेऱ्यापुढे, आणि किल्ली मात्र महेश्वरी! ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याच्या हाती साधन दिले नाही, तर तो पहिल्या वर्षी मागतो, दुसऱ्या वर्षी कुरकुरतो आणि तिसऱ्या वर्षापासून हिशेब लपवू लागतो. बाई हिशेबाच्या कडव्या होत्या आणि पैशाची उधळपट्टी त्यांना खपत नसे, हे खरे. तुकोजी हिशेबात ढिले होते, हेही खरे. पण या दोन सत्यांच्या मधोमध एक तिसरे सत्य होते, ते म्हणजे मूळ व्यवस्थाच अशी होती की तिच्यात कोणताही सुभेदार थोडाफार तुकोजी झालाच असता.

आता आपल्या तालुक्याकडे वळतो. गोदाकाठच्या गावांत पूर आला, मोसंबीच्या बागा आडव्या झाल्या, आणि पंचनाम्यांचा हुकूम सुटला. एका तलाठ्याकडे (आता त्यांचे नामाभिधान ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, काम तेच) स्वतःच्या सज्जाबरोबर शेजारच्या रिकाम्या सज्जाचाही अतिरिक्त पदभार, सर्व्हर दुपारी बंद, छपाईयंत्र नादुरुस्त, आणि वरून नव्या साहेबांचा निरोप, की सायंकाळपर्यंत अहवाल न आल्यास कारणे दाखवा नोटीस. तो माणूस मोबाईल बंद करून ठेवतो. साहेबांच्या मते हा उद्धटपणा. माझ्या मते हा तुकोजी आहे, आणि त्याला नोटीस नव्हे, तर सोबतीला दुसरा माणूस आणि चालू स्थितीतले यंत्र हवे. त्याच कचेरीत एक ज्येष्ठ लिपिक मात्र अभ्यागतांना हळूच सांगतो, ‘साहेब नवे आहेत, त्यांना यातलं कळत नाही, तुम्ही माझ्याकडेच या’, आणि साहेबांना गोड बोलून कोऱ्या टिप्पणीवर स्वाक्षरी घेतो. साहेब त्याच्यावर प्रसन्न, कारण तो चहा मागवितो आणि ‘रावसाहेब’ म्हणतो. हा गंगोबा! त्याला सवलत आणि त्या तलाठ्याला ज्ञापन, हा उफराटा न्याय नव्या अधिकाऱ्यांच्या पहिल्या वर्षात मी इतका पाहिला आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही.

मौज अशी की आपला कायदा या बाबतीत अधिकाऱ्यापेक्षा शहाणा आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा जो २००५ चा महाराष्ट्र अधिनियम आहे, त्यात कोणतीही संचिका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे म्हटले आहे. परंतु शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे ती हेतुपुरस्सर विलंब व कर्तव्यातील हयगय यांसाठी. म्हणजे विलंब दिसला की आधी हेतू तपासावयाचा, हे कायद्यानेच ठरवून दिलेले आहे. तसेच १९७९ च्या शिस्त व अपील नियमांचे. ‘ठपका’ हा शब्द आपण घरात, बाजारात सहज वापरतो. त्या नियमांत मात्र ती एक रीतसर शिक्षा आहे, आणि किरकोळ शिक्षा झाली तरी आरोप लेखी कळवून बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून ती देता येत नाही. रागाच्या भरात संचिकेवर ‘सबब ठपका ठेवण्यात येत आहे’ असा शेरा मारणारा अधिकारी अपिलात हरतो, आणि त्या हारीची वार्ता पेढ्यांसह साऱ्या कचेरीत फिरते. वार्षिक गोपनीय अहवालाचेही तेच. पूर्वी त्यात गुपचूप दोन ओळी लिहून हिशेब चुकता करण्याची चाल होती. २००८ मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद संबंधितास कळविलीच पाहिजे, असा निर्णय दिल्यापासून ते शस्त्र बोथट झाले, आणि झाले ते बरेच झाले, असे मी म्हणेन. जे माणसाच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य नाही ते त्याच्या पाठीमागे लिहिण्याचा हक्क कोणास का असावा?

अर्थात गंगोबाच्या बाबतीत हीच लेखी रीत उपयोगी पडते. त्याच्याशी दालनात दीर्घ चर्चा करू नये, कारण बोलण्यात तो तुम्हांला हरविणार. काय काम, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या स्वाक्षरीने, एवढे तीन ओळींत लिहून पोच घ्यावी. त्याच्या कपाटातील दप्तर यादीसह दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या माहितीत आणावे. आणि हे सर्व पहिल्या महिन्यात करावे, कारण सहा महिन्यांनी त्याच कृतीला सूडाचा वास येतो. शब्द मात्र चढवू नयेत. वयाने वडील असलेल्या माणसाला अण्णा, तात्या म्हणत असाल तर तसेच म्हणत राहावे. तुकोजींचे ‘मातोश्री’ आणि बाईंची हिशेबाची मागणी अठ्ठावीस वर्षे एकत्र नांदली.

काही माणसे शुद्ध आळशी असतात आणि काहींच्या मागे कोणा पुढाऱ्याचा हात असतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. आळशाला मोजून काम आणि मोजून मुदत द्यावी. पुढाऱ्याच्या माणसापुढे नवा अधिकारी पुष्कळदा हतबल ठरतो, हे मी कबूल करतो. तेथे वरिष्ठांनी पाठीशी उभे राहावयाचे असते, जसे माधवराव बाईंच्या पाठीशी राहिले. ते न राहिल्यास दोष एकट्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

तुकोजीचा प्रश्न मात्र सोडविलाच पाहिजे. तो नुसता सोसून भागत नाही. बाईंनी तो सोसला, आणि होळकरांच्या फौजेची हलाखी साचत गेली. १७९३ मध्ये लाखेरीस शिंद्यांच्या कवायती फौजेपुढे तुकोजींचा जो मोड झाला, त्याची इतर कारणेही होती, पण थकलेला पगार आणि दोन ठिकाणी वाटलेली सत्ता ही त्यांत धरावीच लागतात. म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. आज पदभार घेताना नव्या अधिकाऱ्यास कपाटाच्या किल्ल्या, रोकड, शिक्के आणि जडसंग्रहाची यादी मिळते. मोडक्या खुर्च्यांचीही नोंद तीत असते. तीत आणखी एक पान जोडावे, आणि त्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याकडे मूळ काम किती, अतिरिक्त किती, प्रलंबित किती, आणि ते करावयास दिलेली साधने कोणती, एवढेच लिहावे. मावळत्या साहेबांचे त्या माणसाविषयीचे मत त्यात लिहू नये.