बारा आहे, मग झालं?

माझ्या भाचीचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 12.2. ‘बाराच्या वर आहे, मग झालं,’ म्हणून घरच्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला. पोरगी मात्र जिना चढताना धापा टाकत होती, आणि न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकत होता. त्याच कागदावर खाली फेरिटिन होतं: 9.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. कणगी रिकामी व्हायला आली तरी काही दिवस ताटात भाकरी दिसते, तसं हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढात फेरिटिन 15 च्या खाली गेलं की साठा संपला. अंगात ताप किंवा सूज असेल तर हाच आकडा फुगतो, म्हणून तेव्हा 70 च्या खालीही शंका घ्यावी लागते. ‘सीरम आयर्न’ दिवसभरात वरखाली होतं. एवढ्या एकाच ओळीवरून निदान करू नये.

उलटही घडतं. 1928 साली इंग्रज डॉक्टर लुसी विल्स मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पांडुरोगाचा शोध घेऊ लागल्या. तिथे कमतरता लोहाची नव्हतीच. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बायका बऱ्या झाल्या आणि पुढे त्या शोधातून फॉलिक ॲसिड हाती लागलं. म्हणून ‘अंगात रक्त नाही’ म्हटलं की लगेच दुकानातून लोहाची बाटली आणायची, हे मला पटत नाही.

आता आमच्या बेंगळुरूतल्या बसवनगुडीची गोष्ट. इथे डोसा खाल्ला की पाठोपाठ फिल्टर कॉफी हवीच. जेवणातलं लोह शोषलं जाण्यात कॉफी आणि चहा दोन्ही आडवे येतात. 1983 मधल्या एका प्रयोगात जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेली मात्र सोबत घेतल्याइतकीच नडली. तेव्हा कॉफी आधी, पोटपूजा नंतर. लोहाची गोळी कॉफीबरोबर तर नकोच. आणि बिटाच्या रसावर फार भिस्त ठेवू नका, त्याच्या लाल रंगाचा लोहाशी संबंध नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी कर्नाटकात जवळजवळ निम्म्या आणि महाराष्ट्रात 54 टक्के रक्तक्षयी आहेत. तरी पाळीत किती रक्त जातं, हे आईसुद्धा लेकीला विचारत नाही. भाचीलाही ते डॉक्टरीणबाईंनीच पहिल्यांदा विचारलं, आणि कारण तिथेच सापडलं. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं लोह उतरलं असेल, तर पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का, हे तपासायलाच हवं. गोळ्या सुरू करा, पण रक्त जातंय कुठे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.